दिघेकाकांचे नमुने

लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला आले, तेव्हा शेजारपाजारच्या मोठ्यांना नमस्कार करायला सासूबाईंनी मला घरोघर फिरवलं. प्रत्येकानं काही ना काही आशीर्वाद दिला. भिंतीपलीकडच्या दिघेकाकांनी दिला नाही. मी वाकून उठले तरी ते माझ्याकडे बघतच राहिले आणि मग म्हणाले, "साताऱ्याहून कधी निघालात?"

"काल सकाळी," मी म्हटलं.

"इथलं पाणी प्यालात?"

"हो."

"चहा?"

"तोही झाला."

"हरकत नाही. अजून फार मुरलं नसेल." ते आत गेले आणि काचेचं बूच लावलेली, रुंद तोंडाची एक स्वच्छ बाटली आणून त्यांनी माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवली. "उद्या सकाळची पहिली. हयगय नको. ही मुलगी अजून कोरी आहे."

पहिली म्हणजे काय, हे मला घरी आल्यावर कळलं. कळल्यावर मी माजघरात जाऊन बसले ती जेवायलाही बाहेर आले नाही. सासूबाईंनी ती बाटली चिमट्यात धरून परसात नेऊन ठेवली. "नव्या सुनेची लघवी मागतो मेला. करणी करायची असेल, दुसरं काय," त्या म्हणाल्या. हे हायस्कुलात गणित शिकवायचे. ते खाली मान घालून एवढंच म्हणाले, "आई, ते सगळ्यांचीच मागतात." त्यानं माझं काही समाधान झालं नाही.

दिघेकाका मूळचे मुंबईचे. सगळी नोकरी त्यांनी तिथल्या एका सरकारी रसायनशाळेत काढली होती. मुलखात कुठं कुणी संशय येईल असं आजारी पडलं किंवा मेलं, की लाखेची मोहर लावलेली बरणी त्यांच्याकडे यायची. बरणीत काय असायचं ते मी इथं लिहीत नाही. काका मात्र जेवणाच्या वेळेला सुद्धा सांगायचे. त्यात विष आहे की नाही ते शोधायचं आणि वर कळवायचं, एवढंच त्यांचं काम. असं काम जन्मभर केलेल्या माणसाला दूध हे दूध दिसत नाही आणि लोणचं हे लोणचं दिसत नाही. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. पेन्शन घेतल्यावर सांगलीला का आलात, असं ह्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मुंबईत कोण कशात काय घालतंय ते शोधणं आता अशक्य आहे. सांगली लहान आहे. इथं आटोक्यात येईल."

त्यांचा आवडता शब्द होता 'कशावरून'. कुणी म्हटलं, आज जरा बरं वाटतंय, की काका विचारणार, "कशावरून?" दूधवाला दारात येऊन म्हणायचा, "काका, दूध एकदम ताजं हाय." "कशावरून?" "आवं, म्हशीनं आत्ता दिलंय." "म्हशीनं काय खाल्लं होतं?" दूधवाला भांडं उचलून आमच्या दाराकडे वळायचा आणि जाता जाता म्हणायचा, "त्ये म्हशीला इचारा."

कल्हईवाल्याची तर त्यांनी पाठच धरली. तो आमच्या बोळात भाता मांडून बसला, की हे शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि त्याची कथलाची कांडी मागून घेऊन कागदावर घासायचे. काळी रेघ उठली की म्हणायचे, "शिसं आहे. कथलात शिसं मिसळतोस तू."

"आवं काका, माजं बोट घासलं तरी बी काळंच उठतंय. मग माजं बोट शिशाचं हाय व्हय?"

"असेलही," काका शांतपणे म्हणायचे. "उद्या दिवसभराची लघवी आणून दे, सांगतो."

कल्हईवाल्यानं आमच्या बोळात यायचं सोडलं. बायका भांडी डोक्यावर घेऊन पेठेपर्यंत जायच्या आणि वाटेत काकांचा उद्धार करायच्या.

दुसऱ्याच्या घरचं काका काही खात नसत. आमच्याकडे सत्यनारायण झाला तेव्हा त्यांनी प्रसाद हातावर घेतला, डोक्याला लावला, कागदात बांधला आणि घरी नेला. सासूबाईंना वाटलं, सोवळ्याओवळ्याचं काही असेल. पुढच्या आठवड्यात त्यांनी भिंतीवरून डोकं काढून सांगितलं, "वहिनी, तुमचा प्रसाद निर्दोष निघाला." त्यांच्या मते ही फार मोठी स्तुती होती. सासूबाई नंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण त्यांचा खरा जीव होता लघवीवर. "माणूस काय खाल्लं ते विसरतो," ते म्हणायचे. "विसरला नाही तर लपवतो. लघवीला दोन्ही जमत नाही." कारखान्यातला धूर असो, नळाचं पाणी असो, भिंतीचा रंग असो, अंगात गेलेल्याची खूण तिच्यात उतरते असं त्यांचं म्हणणं. तपासणी फुकट असायची आणि माणसाला आपल्या पोटाची भीती असतेच, त्यामुळे चोरून का होईना, लोक बाटल्या आणून द्यायचे. माझ्या नवऱ्यानंही माझ्या येण्याआधीच दिली होती. "तुमच्यात काही नाही," असं काकांनी ह्यांना सांगितलं ते इतक्या हिरमुसल्या आवाजात, की ह्यांनाच अपराध्यासारखं वाटलं.

वासाचं मात्र कुणालाच सोसायचं नाही. शिसं शोधायचं तर बाटलीभर पुरत नाही, दिवसभराची सगळी लागते. ती ओसरीत शेगडीवर चिनीमातीच्या बशीत आटवायची, जाळायची, आम्लात विरघळवायची आणि मग तिच्यात एक वायू सोडायचा. त्या वायूला कुजक्या अंड्यांचा वास येतो. आमचे घरमालक मोठे सोवळ्यातले. एकदा ते नाकाला उपरणं लावून काकांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दिघे, आमच्या जागेत अंडी शिजवायची नाहीत. आणि शिजवायचीच तर ताजी तरी आणा."

"अंडी नाहीत," काका म्हणाले. "तुमच्या भाडेकरूंची लघवी आहे."

त्या क्षणी मालकांचं तोंड असं झालं, की अंडी असती तर बरं, असंच त्यांना वाटलं असावं.

आमच्याकडे भांडी घासायला हौसा यायची. वयानं माझ्याएवढीच, पण माझ्यापेक्षा कितीतरी धीट. ढालगावकडच्या कोरड्या मुलखातली धनगराची पोर. तिचा नवरा बिरा मेंढरं राखायचा. चारा संपला, मेंढरं विकली, आणि लग्न झाल्यावर लगेच तो बायकोला आणि आईला घेऊन सांगलीत हळदीच्या वखारीत कामाला लागला. वाळलेली हळकुंडं मोठ्या ढोलात घालून तो ढोल फिरवत राहायचा. हळकुंडं एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात, मग त्यांना बाजारात भाव येतो. वखारीच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोपटात तिघं राहायची. बिराची पहिली बायको बाळंतपणात गेलेली, हौसा दुसरेपणाची. बिराची आई ठकू हिला ते पहिल्यापासून खुपत होतं.

वर्ष होत आलं आणि बिरा आजारी पडला. पोटात अशा कळा यायच्या की गडी जमिनीवर लोळायचा. अन्न जाईना, शौचाला होईना. तोंडावरचा रंग उडाला. मग एक दिवस त्याचा उजवा हात लुळा पडला. हात खांद्यातून वर व्हायचा, पण मनगट उचलायचं नाही, पंजा नुसता खाली लोंबायचा. वैदाचं झालं, अंगारा झाला. शेवटी ठकू चारचौघांत बोलू लागली, "ही घरात आली आन माजा ल्योक झुरणीला लागला. हिनंच कायतरी घातलंया."

एका सकाळी हौसानं भांडी घासली, पालथी घातली आणि परसातल्या पायरीवर बसून राहिली. मी विचारलं, "का गं, आज जायचं नाही?"

"कुटं जाऊ वैनी," ती म्हणाली. "घरात घेत न्हाईत. म्हंत्यात, इख घातलंस."

रडत नव्हती. तिच्या हातांना राख तशीच होती. येत्या बाजारच्या दिवशी गावाकडचे भावकीतले लोक यायचे होते. ते बसून ठरवणार होते, तिला माहेरी टाकायची की फौजदाराच्या हवाली करायची. माहेरी तरी तिला कोण ठेवून घेणार होतं? दुपारी सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तिला राहू दे परसात, पण आजपासून घागरीला हात लावू देऊ नको." बोळातल्या प्रत्येक घरात त्या दिवशी हेच सांगणं झालं असणार. कारण दुसऱ्या दिवशी हौसाला फक्त आमच्याकडचं काम उरलं.

त्याच संध्याकाळी ठकू पितळेचा तांब्या पदराखाली झाकून काकांच्या ओसरीवर आली. "आवं काका, तुमी इख वळकता म्हनं. एवडं माज्या ल्येकाचं बगा."

काकांनी तांब्याकडे पाहिलं आणि ते मागे सरकले. "पितळेत आणलीस? ओतून टाक. पितळ उतरलं असेल तिच्यात. सगळं ओतून टाक." मग त्यांनी काचेची मोठी बरणी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. "दिवसाची आणि रात्रीची, सगळी. एक थेंब बाहेर जाता कामा नये."

बोळातल्या बायकांना वाटलं, आता हौसा संपली. जो माणूस सत्यनारायणाच्या प्रसादाला सोडत नाही, तो दुसरेपणाच्या बायकोला सोडतोय होय? मलाही तसंच वाटलं. म्हणून काकांनी हौसाला बोलावलं तेव्हा मी तिच्याबरोबर गेले.

काकांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू घातलंस?"

"न्हाई."

"कशावरून?"

हौसा म्हणाली, "त्येंचं ताट उष्टं झालं की त्याच ताटात मी खाती. मग मला कसं काय झालं न्हाई?"

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझीही बरणी दे. सासूचीही."

आधी त्यांनी सोमल शोधला. खेड्यापाड्यांत घातलं जातं ते बहुतेक हेच विष, असं ते म्हणाले. नमुन्यात आम्ल घालून त्यात तांब्याची लकाकती पट्टी उकळायची, सोमल असला की पट्टी काळी पडते. मी आणि हौसा उंबऱ्यात उभ्या होतो. पट्टी बाहेर काढली तेव्हा ती लालच होती.

"म्हणजे हौसा सुटली," मी म्हटलं.

"कशावरून? जगात एकच विष आहे का?"

शिशाच्या तपासणीला चांगला वेळ लागला. बोळात तो वास भरून राहिला आणि या खेपेला मालकांनीही तोंड उघडलं नाही. शेवटी काकांनी काचेच्या तीन नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या. ठकूची नळी पाण्यासारखी. हौसाच्या नळीत नीट बघितलं तर जराशी छटा. बिराची नळी तपकिरी, कोऱ्या चहासारखी.

"तिघं एका चुलीवरचं खातात," काका म्हणाले. "मग तिघांत तीन तऱ्हा कशा? ए मुली, त्याचे कपडे कोण झटकतं?"

"मीच झटकती, मीच धुती. लय पिवळा धुरळा निगतोय त्येतनं."

काका उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. "लग्न आणि वखारीतलं काम एकाच उन्हाळ्यात सुरू झालं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "लोकांनी लग्न तेवढं धरलं आणि काम सोडून दिलं."

दुसऱ्या दिवशी ते काळा कोट घालून, हळदीचे गिऱ्हाईक असल्यासारखे वखारीत गेले. शेठनी गादीवर बसवलं, चहा मागवला. काकांनी चहाला हात लावला नाही, पण ढोलापर्यंत जाऊन आले. ढोल फिरवणारी माणसं केसांपासून पायापर्यंत पिवळी होती, सगळ्यांना एकदम हळद लागल्यासारखी. हळकुंडं तजेलदार दिसावीत म्हणून दिवाणजी डब्यातून मुठीमुठीनं कसलीशी पिवळी पूड ढोलात टाकत होता. रंगाऱ्याच्या दुकानात मिळते ती पेवडी. काकांनी तिच्यातली चिमूटभर रुमालात टिपून आणली. तिच्यात शिसं निघायला फार वेळ लागला नाही.

"आता झालं ना?" मी विचारलं.

"काय झालं? शेठ म्हणेल, शिसं हळदीत आहे, माझ्या माणसाच्या पोटात आहे कशावरून? एक बिरा पुरत नाही. ढोलावरच्या सगळ्यांचे नमुने हवेत."

ते वखार सुटायच्या वेळेला पिशवीत बरण्या घालून फाटकाशी उभे राहिले. लढाई संपली तरी रेशन चालूच होतं, साखरेपासून कापडापर्यंत सगळं कार्डावर. गड्यांनी काकांचं बोलणं ऐकून घेतलं आणि एकजण म्हणाला, "आता ह्येचं बी रेशन लावलं का वो सरकारनं?" दुसऱ्यानं विचारलं, "किती भरली की कारड मिळतंय?" सगळे हसत निघून गेले. मागाहून दिवाणजीनं येऊन काकांना बजावलं, की पुन्हा फाटकाशी दिसलात तर पिशवी फोडीन.

काका हताश होऊन ओसरीवर बसले होते. हौसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरण्या माज्याकडं द्या. मी आणती."

ती फाटकाशी गेलीच नाही. ती गेली त्या गड्यांच्या बायकांकडे. जिच्यावर विष घातल्याचा आळ, तीच दारात जाऊन विचारत होती, "तुज्या बी मालकाचं पोट दुकतं का गं?" काही जणींनी दार लावून घेतलं. पण बऱ्याच जणींच्या नवऱ्यांचं पोट दुखत होतं. एकीला नवरा रोज मारायचा, म्हणायचा, भाकरी कच्ची ठेवतीस म्हणून कळा येतात. तिनं बरणी सगळ्यांत आधी भरून दिली.

भरलेल्या बरण्या पाटीत मांडून, वर फडकं झाकून हौसा भर दुपारी डोक्यावरून घेऊन आली. वाटेत कुणीतरी हाक मारून विचारलं, "ए बाई, ताक कसं दिलं?" हौसा थांबली नाही. "इकायचं न्हाई. औशद हाय," एवढं म्हणून ती तशीच चालत आली. हे तिनं मला परसात सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसलो. त्या आठवड्यात ती हसलेली तेवढीच.

मग काकांनी भिंतीवरून मला हाक मारली. "सूनबाई, एक नमुना कमी आहे. इथलंच खाणारा, इथलंच पाणी पिणारा, पण वखारीशी संबंध नसलेला. त्याशिवाय तुलना होत नाही."

सासूबाई देवघरात होत्या. मी परसातली ती बाटली शोधली, घासली, उकळली, दिवसभराची तिच्यात आणि काचेच्या एका बरणीत साठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः नेऊन दिली. काकांनी ती कुठल्याही नमुन्यासारखीच घेतली, मान सुद्धा वर केली नाही. त्याचं मला फार बरं वाटलं.

बाजारच्या दिवशी उन्हं कलल्यावर मारुतीच्या देवळासमोर माणसं जमली. भावकीतले दोन म्हातारे, ठकू, वखारीतले गडी, आमच्या बोळातली झाडून सगळी. बिराला धरून आणून खांबाला टेकवून बसवलं होतं. हौसा लांब, चपला ठेवतात तिथं बसली होती. शेठ आले नव्हते, दिवाणजी आला होता.

काकांना बोलायची सवय नव्हती. ते काळा कोट घालून उभे राहिले आणि कोर्टातला कागद वाचावा तसे म्हणाले, "या माणसाच्या शरीरात शिसं आहे. ढोलावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरात आहे. जो जास्त दिवस कामाला, त्याच्यात जास्त. वखारीबाहेरच्या माणसात ते त्या प्रमाणात नाही. याच्या आईत नाही. याच्या बायकोत अगदी थोडं आहे, तेही याचे कपडे झटकल्यामुळे."

कुणाला काही कळलं नसावं. ठकूनं विचारलं, "म्हंजी ह्या पोरीनं न्हाई घातलं?"

"नाही."

"मग कुनी?"

"हळदीनं."

माणसांत कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "हळद तर द्येवाला लावत्यात, सायेब. हळद कशी काय इख हुईल?"

"हळद नाही. हळदीला चकाकी यावी म्हणून ढोलात पेवडी टाकतात. तिचा धुरळा यांच्या नाकातोंडात जातो. त्याच हातानं ही माणसं भाकरी खातात."

दिवाणजी पुढं झाला. "उगा कायतरी. म्या सोता रोज हाताळतुया. चिमूटभर खाऊन दावतो की."

"एक चिमूट नको," काका म्हणाले. "यांच्यासारखी रोज खा. पुढच्या उन्हाळ्यात मला नमुना आणून दे."

दिवाणजीनं पुढं केलेला हात मागं घेतला. मग गड्यांतला एकजण उठला आणि आपलं पोट कधीपासून दुखतंय ते सांगायला लागला. तो थांबायच्या आत दुसरा उठला. बायकोला मारणारा तो गडीही तिथंच होता. तो मान खाली घालून बसला.

ठकू बराच वेळ बिराच्या लोंबत्या पंजाकडे बघत होती. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली, चपला ठेवतात तिथवर गेली आणि हौसाकडे न बघताच म्हणाली, "उट. दिस मावळाय आला. भाकरी टाकायची न्हाई का?"

बिरा ढोलावर परत गेला नाही. ती तिघं ढालगावकडे निघून गेली. बाकीच्या गड्यांनी ढोल फिरवायचं नाकारलं, तेव्हा शेठनी पेवडी बंद केल्याचं जाहीर केलं. काका अर्थातच म्हणाले, "कशावरून?" आणि पुढं कितीतरी महिने बाजारातून हळकुंडं आणून तपासत राहिले.

पण एक फरक पडला होता. दर दोन-चार दिवसांनी ते भिंतीवरून डोकं काढायचे. "सूनबाई, हौसाचं काही कळलं?" मी म्हणायची, नाही. "सासूचा काही भरवसा नाही," ते म्हणायचे. "सगळ्यांसमोर एक बोलली असेल, घरी गेल्यावर दुसरं." कधी म्हणायचे, "बिराचा नमुना पुन्हा घ्यायला हवा. शिसं हाडांत राहतं." शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्यांनी त्यांना विचारलं, आपण जाऊन येऊ या का. काकांनी इतक्या लवकर हो म्हटलं, की ह्यांना हसू आवरेना.

मिरजेहून छोट्या गाडीनं ढालगाव, तिथून माळावरून पायी. सगळीकडे कुसळं आणि बाभळी. बिराच्या वस्तीवर चार मेंढरं होती, दुसऱ्याची, अर्धलीनं राखायला घेतलेली. बिरानं घोंगडी अंथरली. काकांनी बसल्या बसल्या त्याचा हात धरला आणि म्हणाले, "उचल." मनगट निम्मं वर आलं, थरथरलं, पण खाली पडलं नाही. काकांनी नमुना घेतला, बाटलीला बूच लावलं, पिशवीत ठेवली. मग घोंगडीवर ताठ बसून ते छपराच्या दाराकडे बघत राहिले. मी आत गेले होते. हौसानं मला चुलीपाशी बसवून घेतलं होतं.

परतीच्या गाडीत ह्यांना झोप लागली. काका माझ्यासमोर बसले होते. ते म्हणाले, "सूनबाई, माझ्याकडे बरण्या यायच्या ना, त्यांच्यावर आकडा असायचा. नाव नसायचं. मी लिहायचो, आढळले, किंवा आढळले नाही. पुष्कळदा ती कुणाच्या तरी बायकोची गोष्ट असायची, एवढं कळायचं. आढळले नाही असं लिहिलं की मला बरं वाटायचं. वाटायचं, सुटली बिचारी. पण सुटल्यावर तिला घरात घेतलं का, हे कुणी कधी कळवलं नाही. कळवायचं काही कारणही नव्हतं."

गाडी माळावरून हळूहळू चालली होती. काकांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"तू आत होतीस," ते म्हणाले. "मला बाहेरून काही दिसलं नाही. काय चाललं होतं आत?"

"हौसा भाकरी थापत होती. ठकू जाळ सारत होती."

"जवळ बसल्या होत्या?"

"गुडघ्याला गुडघा लागेल अशा."

"बोलत होत्या?"

"बाजरी जाडीभरडी दळलीस म्हणून ठकू कुरकुरत होती."

"कुरकुरत होती," काका म्हणाले. "बरं. मग?"

"मग भाकरी तव्यावरून उतरली. ठकूनं ती ऊन ऊन असतानाच मोडली आणि तुकडा तोंडात घातला."

"हौसानं केलेली?"

"हो. तिच्याच हातची."

"आधी हौसाला खायला लावली का?"

"नाही काका. सरळ स्वतः खाल्ली. उरलेली बिराला बाहेर आणून दिली, ती तुम्ही पाहिलीत ना, तीच."

काकांनी मान हलवली. ते खिडकीबाहेर बघायला लागले. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "पुन्हा सांग."

मी भाकरी थापण्यापासून पुन्हा सुरुवात केली. मिरज येईपर्यंत मी त्यांना तेवढंच सांगत होते.